काकवीला हात लावताना

उंदरांची भीती मला लहानपणापासून होती, पण ती हाडीमाशी भिनली 2019 च्या ऑगस्टमध्ये. आमचं घर कोल्हापूरच्या शाहूपुरीत, कुंभार गल्लीच्या अंगाला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्याही वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळूर महामार्ग बंद पडला आणि आमच्या जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या. पाणी चढेल तसे गटारीतले, गोदामांतले उंदीर वर येऊ लागले. कठड्यावर, मीटरच्या पेटीवर, चपलांच्या मांडणीवर ओलेचिंब उंदीर बसलेले. त्यांनाही जायला जागा नव्हती, हे आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं. मेणबत्ती घेऊन जिना उतरताना पायाखाली काहीतरी गार, लांबट हललं. ते शेपूट होतं. पाणी ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसच्या सूचना घरोघरी आल्या. उंदरांच्या मूत्रातून पाण्यात उतरणारा हा आजार, पायाला जखम असेल तर जास्त जपा, डॉक्टरांनी दिल्या तर गोळ्या घ्या. त्या सूचना मी इतक्या वेळा वाचल्या की पुढे कितीतरी महिने स्वयंपाकघरात दिवा लावल्याशिवाय पाय टाकला नाही.

आमच्या घरात ही भीती तशी जुनीच आहे. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या आजीनं प्लेग पाहिलेला. मुंबईत 1896 मध्ये सुरू झालेली साथ पुढे कोल्हापूर संस्थानातही आली. घरात उंदीर पडला की, म्हणजे मरून पडलेला दिसला की, भांडीकुंडी बांधायची आणि गाव सोडून माळावर झोपडं घालायचं. ती आजी म्हातारपणीसुद्धा रात्री माळ्यावर खुडबुड झाली की उठून बसायची, असं आबा सांगतात. खुडबुड ऐकू आली तर बरं, थांबली तर वाईट, असं तिचं गणित होतं. ते ऐकल्यापासून मला दोन्हींची भीती वाटू लागली.

अशा घरात माझ्या मुलीनं हॅमस्टर आणला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. पुठ्ठ्याचं खोकं छातीशी धरून आली आणि म्हणाली, "उंदीर नाही गं आई, हॅमस्टर हाय. शेपूट बघ, हाय काय तरी? मी करतो सगळं तिचं. तू हातसुद्धा लावू नको." मी खोक्यात वाकून पाहिलं नाही. आबांनी पाहिलं. सोनेरी तांबूस रंग पाहून म्हणाले, "काकवी हाय की ही." तेच नाव राहिलं.

वर्षभर मुलीनं शब्द पाळला. मोठ्या प्लास्टिकच्या पेटीला जाळीचं झाकण बसवून तिनं काकवीचं घर केलं. तळाला कोऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्यांचा वीतभर जाड थर, एक भरीव चाक, पाण्याची नळी, वाळूची वाटी. मी लांबून पाहायचे. एकदा मुलीच्या बोटाला काकवी चावली तेही मी पाहिलं. मुलगी ओरडली नाही, हात झटकला नाही. हात पेटीत टेकवला, काकवीनं सोडल्यावर बाहेर काढला आणि नळाखाली साबणानं खूप वेळ धुतला. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. रेबीजचं काय, असं मी चारदा विचारलं असेल. घरात वाढलेल्या अशा लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या चाव्यानंतर रेबीजची लस क्वचितच लागते, पण चावा कसला हे दाखवायला यायचंच, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. त्यांचं सांगणं मला पटलं, तरी त्या रात्री झोप आली नाही.

मग मुलीला पुण्यात नोकरी लागली. जिथं राहायची सोय झाली तिथं जनावर चालणार नव्हतं. खोली बघून तिला घेऊन जातो, असं सांगून ती गेली. पेटी घरात राहिली. माझे यजमान शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, आठवडाआड रात्रपाळी. आबांचे हात कापतात. उरले मी.

हॅमस्टर दिवसा झोपतो आणि अंधार पडला की जागा होतो, हे मला माहीत होतं. पण आपण एकटे असताना ते ऐकणं वेगळं. रात्री दहाला चाक सुरू व्हायचं. थांबायचं. मग कागद ओढल्याचा आवाज, मग जाळीवर दात. मी झाकण जेमतेम उघडून सांडशीनं खाण्याची वाटी उचलायची आणि सांडशीनंच परत ठेवायची. पाण्याची नळी बाहेरून लावता येत होती, तेवढा दिलासा. पण पेटीचा एक कोपरा ती मूत्रासाठी वापरते, तिथले कागद दर दोन-तीन दिवसांनी काढावे लागतात, आणि ते सांडशीनं नीट होत नाही. शिवाय मुलीनं फोनवर बजावलं होतं की वाढलेली नखं, ओला पार्श्वभाग, डोळ्याची चिकटी हे सगळं हातात घेतल्याशिवाय दिसत नाही. ओल्या शेपटीचा आजार म्हणून हॅमस्टरमध्ये एक जुलाबाचा प्रकार असतो. तो झाला तर एक-दोन दिवसांत प्राणी हातचा जातो. म्हणजे मी भीत राहिले असते, तर ती माझ्या भीतीपायी मेली असती. हा विचार मला जिन्यावरच्या शेपटीपेक्षाही जास्त टोचायला लागला.

घाबरणाऱ्या माणसाला आमच्या गावात एकच औषध मिळतं. "धर की! काय व्हतंय?" तालमीचं गाव आहे, भिडण्याचं कौतुक आहे, आणि त्या कौतुकाचा मला अभिमानही आहे. पण इथं ते औषध चुकीचं होतं, हे मला ठामपणे सांगायचं आहे. माझे धाकटे दीर एका रविवारी दुपारी आले. वहिनीची भीती मोडायची म्हणून त्यांनी गाढ झोपलेल्या काकवीला वरून पंजा घालून उचललं आणि माझ्या हाताकडे आणलं. ती उताणी झाली, चारी पाय वर, तोंड उघडं, आणि एवढ्याशा जिवातून जी किंचाळी निघाली ती मी आयुष्यात विसरणार नाही. मी भिंतीला टेकले होते. माझे हात छातीशी आणि तिचे पायही छातीशी. आबा कॉटवरून ओरडले, "ठेव तिला खाली! आधी ठेव!" दिरांनी ठेवलं. काकवी कागदात घुसली ती दुसऱ्या दिवसापर्यंत बाहेर आली नाही, आणि मीही त्या खोलीत गेले नाही.

संध्याकाळी आबांनी मला बोलावून बसवलं आणि चित्त्यांची गोष्ट सांगितली. कोल्हापूरला शिकारी चित्ते पाळायची मोठी परंपरा होती. शाहू महाराजांच्या आणि पुढे राजाराम महाराजांच्या काळात चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला गाडीवरून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढायचे. आपल्याकडचे चित्ते मिळेनासे झाल्यावर ते आफ्रिकेतून आणले जायचे. रानातून धरून आणलेलं, वाढलेलं जनावर माणसाळवायचं काम चित्तेवानांचं. आबांनी त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं असं, की चित्तेवान नव्या चित्त्याजवळ दिवसच्या दिवस नुसता बसून राहायचा. तिथंच जेवायचा, तिथंच झोपायचा, बोलत राहायचा, हातानं खायला घालायचा. "जनावराजवळ बसायचं. करायचं काय न्हाई," आबा म्हणाले. "त्येला तुझी सवय हू दे. तुला त्येची हू दे."

ज्या गावात माणसांनी चित्ता असा हळूहळू जवळ केला, त्याच गावात मला एका मुठीएवढ्या जिवाशी हे करायचं होतं. मला त्या गोष्टीनं धीर आला असं नाही म्हणणार. मला काम मिळालं. बसणं मला जमणार होतं.

रात्रीची भांडी झाली की मी पेटीजवळ पाट टाकून बसू लागले. झाकण बंदच. कधी मेथी निवडायची, कधी ब्लाउजला हुक लावायचे, आणि सगळा वेळ बोलायचं. विषय कुठलाही. वीजबिल किती आलं, रंकाळ्यावर कशी गर्दी होती, मुलीचा फोन आला नाही. हॅमस्टरची नजर अधू असते. दूरचं त्याला धड दिसत नाही. वास आणि आवाज यांच्यावर त्याचं जग चालतं. म्हणून मी माझी जुनी, धुतलेली पण अंगावर वापरलेली साडी फाडून एक चिंधी पेटीत टाकली. सकाळी पाहिलं तर ती चिंधी तिनं ओढून आपल्या झोपायच्या जागेत नेली होती. माझा वास घेऊन ती झोपली होती, आणि मला अजून तिच्याकडे सलग बघवत नव्हतं.

मग बघवू लागलं. भीतीत माणूस नीट बघत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी इतके दिवस "उंदीर" बघत होते. काकवी बघितलीच नव्हती. तिची शेपटी खरोखरच नखाएवढी, केसांत लपलेली. चेहरा आखूड, गाल फुगीर. त्या गालांत दोन पिशव्या असतात आणि त्या पार खांद्यांच्या मागेपर्यंत जातात. सूर्यफुलाच्या बिया, फुटाणा, काकडीचा तुकडा असं एकामागून एक त्यात भरलं की तिचं डोकं अंगापेक्षा रुंद दिसतं. मग कोपऱ्यात जाऊन दोन्ही पंजांनी गाल मागून पुढे दाबत ती सगळा ऐवज बाहेर काढते आणि कागदाखाली पुरते. पुढचे दात पिवळे. ते रोग म्हणून नव्हे, तसेच असतात, आणि जन्मभर वाढत राहतात. म्हणून तिला सतत काहीतरी कुरतडावंच लागतं. जाळीवरचा तो दातांचा आवाज माझ्यावर रोखलेला नव्हता. मी तिला कडुलिंबाची साफ केलेली डहाळी दिली आणि जाळीवरचा आवाज बराच कमी झाला.

हळूहळू तिचं अंग वाचता यायला लागलं, आणि माझ्या भीतीला खरा उतार तिथून पडला. कान मागे चिकटलेले, डोळे अर्धे, म्हणजे नुकती उठलीय, हात घालायचा नाही. मागच्या पायांवर उभी, कान ताठ, नाक हलतंय, म्हणजे अंदाज घेतेय, थांबायचं. पोट जमिनीला टेकवून सरपटतेय, म्हणजे घाबरलीय. दात कटकट वाजवतेय, म्हणजे स्पष्ट नकार आणि पुढचा इशारा चावा. हातापायांना आळोखेपिळोखे देत मोठी जांभई देतेय आणि बसून तोंड धुतेय, म्हणजे निवांत आहे. दिरांनी उचललं तेव्हा ती उताणी का झाली, तेही समजलं. रानात वरून येणारा पंजा घुबडाचा किंवा घारीचा असतो. वरून आलेला हात म्हणजे मरण, एवढं तिच्या जातीला हजारो वर्षांत शिकवलं गेलंय. तो हात प्रेमाचा आहे की कसला, हे तपासायला तिच्याकडे वेळ नसतो.

तिच्या जातीची हकिगत मुलीनं मला फोनवर सांगितली आणि मग मी ती शोधून वाचली. हा सोनेरी हॅमस्टर सीरिया देशातला, अलेप्पो शहराच्या आसपासच्या शेतांतला. जॉर्ज वॉटरहाउस या इंग्रज अभ्यासकानं 1839 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं, पण पुढे नव्वद वर्षं तो जवळजवळ विस्मरणात गेला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल अ‍ॅडलर नावाचे परजीवीशास्त्रज्ञ काळा आजारावर काम करत होते. आपल्या बिहार-बंगालला ज्या काळा आजारानं पिढ्यान्‌पिढ्या छळलं, तोच. प्रयोगांसाठी त्यांना चीनमधले हॅमस्टर मागवावे लागत आणि ते प्रयोगशाळेत वाढत नसत. म्हणून 1930 मध्ये त्यांच्याच विद्यापीठातले प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहरोनी अलेप्पोला गेले. एका शेतात खूप खोल, सुमारे आठ फूट, खणल्यावर एक मादी आणि तिची अकरा पिल्लं सापडली. पिल्लांसकट मादीला पेटीत ठेवलं, तर तिनं जवळ आलेल्या पहिल्या पिल्लालाच मारलं. बाकीची वाचावीत म्हणून अहरोनींनी तिला मारलं आणि डोळे न उघडलेली पिल्लं हातानं वाढवली. पुढे त्यातली काही पळाली, काही मेली. उरलेल्या मोजक्या भावंडांपासून वंश वाढला. हॅमस्टरची गर्भावस्था अवघी सोळा दिवसांची, त्यामुळे वर्षभरात दीडशेच्या घरात संख्या गेली. तिथून इंग्लंड, अमेरिका, जगभरच्या प्रयोगशाळा, आणि मग घरं. आज घराघरांत असलेले सोनेरी हॅमस्टर बहुतेक सगळे त्या एका बिळातल्या पिल्लांचे वंशज आहेत. रानातला त्यांचा मूळ वंश मात्र आता धोक्यात आहे. गव्हाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना तो पिकाचा चोरच वाटतो.

ती पिल्लाला मारणारी आई माझ्या मनातून जात नाही. आठ फूट खालचं अंधारातलं घर उद्ध्वस्त झालेलं, उजेड, माणसांचे आवाज, खोकं. तिनं जे केलं ते क्रूर म्हणायला मी तयार नाही. आणि काकवी त्याच आईची लेक आहे, शंभराहून जास्त पिढ्यांनंतरची का असेना. शाहूपुरीत, जाळीच्या झाकणाखाली, तिला वीतभर कागदात पुन्हा पुन्हा बीळ खणताना पाहिलं की अंगावर काटा येतो, आणि तो भीतीचा नसतो.

हात पेटीत घालायची वेळ आली तेव्हा मी काही नियम घालून घेतले. हात आधी साध्या साबणानं धुवायचे, म्हणजे बोटाला खोबऱ्याचा, मटणाचा, कशाचाच वास नको. नाहीतर तिला बोट म्हणजे खाऊ वाटेल. रात्री ती स्वतः उठून, खाऊन, चाकावर एक फेरी मारून आल्यावरच हात घालायचा. हात बाजूनं न्यायचा, तळवा वर, आणि कागदावर ठेवून द्यायचा. बोटं हलवायची नाहीत. बोलत राहायचं.

पहिल्यांदा माझा हात थरथरत होता आणि काकवी पेटीच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. दोघी तशाच राहिलो. मग मी हात काढून घेतला, हळू. असं बरेच दिवस चाललं. काही दिवस हात घालायचं धैर्यच व्हायचं नाही, तेव्हा मी फक्त बसायचे. मुलगी फोनवर म्हणायची, "आई, त्यात काय मागं पडलीस असं नसतं." ते तिनं म्हटलं नसतं तर मी सोडून दिलं असतं.

एका रात्री तळव्यावर भोपळ्याची बी ठेवली होती. काकवी आली. आधी मिश्या लागल्या. मिश्यांचा स्पर्श इतका हलका असतो की तो झाला की झालाच नाही, हे ठरवता येत नाही. मग नाक, ओलसर. मग तिनं पुढचा एक पंजा माझ्या करंगळीवर ठेवला. माझ्या सगळ्या भीतीत नखं होती, शेपूट होतं, दात होते. पंजाचा तळवा कधी नव्हता. तो गार होता, आणि मऊ, आणि त्याला बोटं होती. चार लहान बोटं माझ्या कातडीला धरून होती. बी तोंडात घेऊन ती गेली. मी हात बाहेर काढला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. रडू का येतंय ते मला कळत नव्हतं. आबांनी विचारलं, चावली काय? मी नाही म्हणून मान हलवली.

पुढे ती दोन पंजे ठेवू लागली, मग चारही. मोठ्या सोनेरी हॅमस्टरचं वजन सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे असतं. तळहातावर एवढं वजन बसलं की त्याचं काळीज आपल्या कातडीला लागतं. मिनिटाला तीनशेच्या वर ठोके. वेगळे मोजता येत नाहीत, एक सलग थरथर जाणवते.

पण बसणं वेगळं आणि उचलणं वेगळं. बसलेल्या काकवीवर दुसरा हात आणायला माझं मन घेत नव्हतं; तो वरून येणारा हात झाला असता. इथं आमच्या गल्लीनं मदत केली. शेजारच्या कुंभारांकडून मी रुंद तोंडाचं एक लहान गाडगं आणलं, आतून धुऊन वाळवलं, आणि पेटीत आडवं ठेवलं. आत ती चिंधी. दुसऱ्याच रात्री काकवी त्यात जाऊन बसली. मी तोंडावर हात धरून गाडगं उचललं, बाहेर आणलं, पुन्हा ठेवलं. तिला कुणी पकडलं नव्हतं, मला काही पकडावं लागलं नव्हतं. कितीतरी दिवस आमची जा-ये गाडग्यातूनच झाली. मुलीनं सांगितलं की परदेशात लोक यासाठी चहाचा मग वापरतात. मला आपलं गाडगं जास्त योग्य वाटतं, कारण मातीचं भांडं उन्हाळ्यात गार राहतं, आणि कोल्हापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत ते फार मोलाचं आहे. पारा तिशीच्या वर गेला की हॅमस्टरला उष्म्याचा त्रास होऊ लागतो, आणि आपल्याकडे तर तो अडतिसाला जातो. काकवी भर दुपारी त्या गाडग्यात पोट टेकून पसरते. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून हलवून मी न्हाणीघराच्या बाजूच्या गार कोपऱ्यात ठेवलीय, शेजारी शहाबादी फरशीचा तुकडा आणि पेटीच्या बाहेरून ओला पंचा.

गाडग्यातून बाहेर कुठे काढायचं, तर न्हाणीघरात. कोरडं करायचं, मोरीच्या तोंडावर जड फरशी ठेवायची, दार लावून मांडी घालून खाली बसायचं. खाली बसणं फार महत्त्वाचं आहे. हॅमस्टरला उंची कळत नाही. कॉटवरून, टेबलावरून, उभ्या माणसाच्या हातातून तो सरळ हवेत पाय टाकतो, आणि एवढ्या उंचीवरून पडला तर हाडं मोडतात, आतून मार बसतो. घाबरट माणसाच्या हातात जनावर कोंबू नये, असं मी जे म्हणते ते यासाठीही. घाबरलेला हात झटकतो. झटकलेल्या हातातून पडलेल्या जनावराला तुमचा धीर मोडायचा होता की जोडायचा, याचं काय!

खाली बसल्यावर ती माझ्या साडीच्या निऱ्यांवरून चढायची, पदराच्या आत शिरायची, पायावरून उतरायची. एकदा ती तळव्यावर आली असताना दुसरा हात मी बाजूनं आणला, खालून आणला, ओंजळ झाली, आणि ओंजळ चार बोटं वर गेली. ती बसून राहिली. तोंड धुऊ लागली. माझ्या ओंजळीत बसून तिनं दोन्ही कान एकेक करून पुसले.

आता मी तिची नखं पाहते, पोट पाहते, दात पाहते. शेवटच्या वेळी पशुवैद्यांकडे मीच घेऊन गेले, कारण खालचा एक दात वाकडा वाढतोय अशी शंका आली होती. दात ठीक होता. हॅमस्टरचं आयुष्य दोन-तीन वर्षांचंच असतं आणि काकवी आता म्हातारपणाकडे आलीय. पाठीवरचे केस विरळ झालेत, चाकावर थोडा वेळच जाते. औषधाचा थेंब तोंडात घालावा लागेल ती वेळ लांब नाही. तेव्हा तिला धरणारा हात तिच्या ओळखीचा असेल. मुलगी मध्ये तिला न्यायला आली होती. पेटीजवळ बसून तिनं बराच वेळ पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, राहू दे इथंच. तिला त्याचं थोडं वाईट वाटलं असणार. मी काही बोलले नाही.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या एका गोष्टीची. मुलांच्या वाढदिवसाला रंगीत, वीतभर पिंजऱ्यात हॅमस्टर भेट देतात. दोन-दोन एकत्र देतात, जोडी म्हणून. सोनेरी हॅमस्टर एकलकोंडा प्राणी आहे. वाढलेले दोन एका पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना मारतात. कापसाचं अंथरूण देतात, त्याचे धागे पायाला गुंडाळले जातात, गालात अडकतात. केंद्र सरकारच्या 2018 च्या पेट शॉप नियमांत कुत्रा, मांजर, ससा यांच्याबरोबर हॅमस्टरचंही नाव आहे आणि विक्रेत्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. तरी मुलीनं काकवीला आणलं तेव्हा विकणाऱ्यानं तिला मूठभर बियांखेरीज काही दिलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. ज्या घरात दुपारी मुलं खेळायला मोकळी आणि रात्री नऊला झोपायची, त्या घरात हॅमस्टर आणू नये. ज्या वेळी मूल त्याला हातात घेईल, नेमक्या त्याच वेळी त्याला झोप हवी असते. मग तो चावतो, मूल घाबरतं, आणि पिंजरा गॅलरीत जातो. पुढे काय होतं ते मला माहीत आहे. आमच्या गल्लीत तसा एक पिंजरा मी पाहिला आहे.

उंदरांची भीती गेली का, असं सगळे विचारतात. गेली नाही. पावसाळ्यात जिन्यावर काही हललं तर मी आजही किंचाळते, आणि लेप्टोच्या सूचना आजही पाळते; रस्त्यावरच्या उंदराला हात लावायचा नाही हे शहाणपणच आहे. काकवीची भीती गेली, एवढंच. या दोन भीती मी एक समजत होते, त्या वेगळ्या निघाल्या.

पुढच्या महिन्यात आम्ही चार दिवस मुलीकडे पुण्याला जाणार आहोत. काकवीला बसमधून नेणं या वयात नको. समोरच्या वहिनींना विचारलं, तर त्या दोन पावलं मागे गेल्या. मी त्यांना काकवी हातात दिली नाही, दाखवायलाही बाहेर काढली नाही. रात्री दहाला बोलावलं, पाट दिला, पेटीशेजारी बसवलं, चहा केला. काकवी चाकावर आली, थांबली, मागच्या पायांवर उभी राहून वहिनींकडे नाक वळवलं.

"अंदाज घेतीया," मी म्हटलं. "तुम्ही बोलत राहा."

वहिनी काही वेळ बोलल्या, पाण्याच्या टाकीबद्दल. मग विचारलं, "आणि चावली तर गं?"

"झटकायचं न्हाई. हात खाली टेकवायचा. साबणानं धुवायचं, आणि डॉक्टरला दाखवायचं."

त्यांनी चहा संपवला. पेटीकडे बघत म्हणाल्या, "बरं. मी रोज येऊन बसतो आठवडाभर. हात राहू दे. ते गाडगं कसं उचलायचं तेवढं आधी दाव."